नऊ खणांचा नक्शा

॥ श्री ॥
रामबाग, इंदूर
१५ जानेवारी १९५६

ती. स्व. दादास,
शशीचा कृ. सा. न. वि. वि.

तिळगुळाची पुडी वेगळी टपालात टाकली आहे. ग्वाल्हेरच्या गजकेपुढे आमच्या वड्या फिक्या, असे लिहिलेस तर पुढच्या संक्रांतीला पुडी विसर. वहिनींना नमस्कार. त्यांच्या गुडघ्यांना या थंडीत कसे आहे ते कळव.

आता खरी बातमी. अप्पासाहेबांनी अखेर हे घर विकले. थोरल्या दिरांना मी काय बोलणार, आणि बोलण्यासारखे काही नाहीही. घर त्यांच्या नावावर, त्यांना उज्जैनला मुलाकडे जायचे आहे. मला समोर बसवून त्यांनी नीट सांगितले की दिवाळीपर्यंत राहा, पुढे आपली सोय बघा. चार वर्षांपूर्वी हे गेले तेव्हा, तुम्ही मायलेकींनी इथेच राहायचे, असे चौघांसमोर तेच म्हणाले होते. ते त्यांनाही आठवत होते आणि मलाही, म्हणून चहा लवकर संपला.

तेव्हा आता घर बांधायलाच हवे. नववसाहत मंडळाकडून सांवेर रस्त्याच्या बाजूला मिळालेला आपला प्लॉट अजून मोकळाच पडला आहे. दोन वर्षांत त्यावर छप्पर चढले नाही तर मंडळ जमीन परत घेणार, अशी अट आहे आणि ३० सप्टेंबरला ती दोन वर्षे भरतात. ह्यांच्या विम्याच्या पैशांना मी आजवर हात लावलेला नाही. मिस्त्रीने त्यात बसेल असे नऊ खणांचे घर काढून दिले. तुळई ते तुळई एक खण, वर छपराला कवेलू. ओसरीचे दोन, माजघराचे दोन, स्वयंपाकघराचे दोन, कोठीचा एक आणि पद्मजाच्या खोलीचे दोन. पंधरा वर्षांची झाली तरी पोरगी अजून माझ्या पोळपाटाशेजारी बसून भूमिती सोडवते. तिच्या वहीला पीठ लागलेले असते.

नक्शा पास करताना विकास-आकार म्हणून काही नवे भरायचे निघाले आहे म्हणतात. एकाचा आकडा दुसऱ्याशी जुळत नाही. तू सचिवालयातला, तूच काय ते सांग. शाळेत माझ्याबरोबर शिकवणाऱ्या बाया मला म्हणतात की भाऊ सरकारात असल्यावर हिला कसली चिंता.

माया आहे तशीच असू दे, उत्तराला मात्र उशीर नको.

तुझी,
शशी


॥ श्री ॥
लष्कर, ग्वाल्हेर
२४ जानेवारी १९५६

चि. शशीस,
अ. उ. आ.

वड्या पोचल्या. गजकेविषयी मी एक अक्षर लिहिणार नाही, मला पुढच्या वर्षीही पुडी हवी आहे. तुझ्या वहिनीचे गुडघे थंडीत कुरकुरतात आणि ती माझ्यावर कुरकुरते. एकूण सर्व ठीक.

अप्पासाहेबांचे वाचून वाईट वाटले, पण मनाला लावून घेऊ नकोस. आपले घर ते आपले घर. आणि विकास-आकाराचा तू काय बाऊ करून घेतला आहेस! त्या नियमांना मी इतका जवळून ओळखतो की काय सांगू. इंग्रजी मसुदा आमच्याच खात्यात आला होता आणि आता सारे हिंदीत काढायचे म्हणून त्याचे हिंदी कोणी करावे? तुझ्या भावाने. माझ्या हिंदीला तू लहानपणापासून हसत आलीस, आता राजपत्रात छापून आले आहे, ते वाचून हस.

आकार ठरवण्याची रीत मोठी न्यायाची आहे. नव्या वसाहतीत रस्ता, गटार, नळ, दिवे करायचे तर खर्च येणार. तो जुन्या शहरातल्या माणसाच्या डोक्यावर का बसावा? जो तिथे घर बांधील त्याने एकदा भरावा. म्हणून इंजिनिअरांनी एकूण खर्च काढला, वसाहतीत किती मजले उभे राहतील त्याचा अंदाज घेतला आणि मजल्यामागे सव्वाशे रुपये बसवले. मजला वाढला की माणसे वाढतात, माणसे वाढली की पाणी लागते आणि सांडपाणीही होते. शेटजी तीन मजले चढवतील, तर तिप्पट भरतील. तुझे घर एकमजली. सव्वाशे भर, पावती घे आणि पायाचा मुहूर्त काढ.

पद्मजाला सांग, मामा वास्तुशांतीला येईल तेव्हा तिच्या खोलीत पहिला पाय तोच ठेवील.

आमच्यावर लोभ आहेच, नव्या घरातही त्याला एक कोपरा राखून ठेव.

तुझा,
दादा (लक्ष्मीकांत)


॥ श्री ॥
रामबाग, इंदूर
१९ फेब्रुवारी १९५६

ती. स्व. दादास,
शशीचा कृ. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राने इतकी निर्धास्त झाले होते की मिस्त्रीला विटांचा बयाणाही देऊन बसले. आता काय लिहू ते कळत नाही.

आमच्या बाजूच्या प्लॉटांची तपासणी नानासाहेबांकडे आहे. संस्थानाच्या वेळेपासून घरांची आकारणी करत आलेले गृहस्थ, डोक्यावर अजून तीच पगडी. कामावर असताना कोणाच्या घरचे पाणीसुद्धा घेत नाहीत. त्यांनी नक्शा मांडीवर पसरला, पेन्सिलीने एकेक तुळई मोजली आणि खाली लिहिले, नऊ खण, प्रति खण सव्वाशे, एकूण अकराशे पंचवीस. मला वाटले ऐकण्यात चूक झाली. मी म्हटले, आकार मजल्यामागे आहे ना? त्यांनी पिशवीतून छापील राजपत्र काढून माझ्यासमोर धरले. प्रति खण, असेच छापले आहे, दादा. मी तीनदा वाचले. नानासाहेब म्हणाले, बाई, तीस वर्षे मी खण मोजतो आहे, खण म्हणजे काय ते मला कोणी शिकवू नये.

समोरच्या ओळीचा तपासणीस भिंडकडून आलेला आहे. त्याने कापडवाल्या शेटजींच्या तीन मजल्यांच्या हवेलीला तीनच आकार लावले. हे कसे, असे मी विचारले, तर नानासाहेब म्हणाले की तो काय वाचतो ते त्याला ठाऊक, मी छापलेले वाचतो. माणूस इतका सरळ आहे की भांडायलाही जागा ठेवत नाही.

अकराशे भरले तर भिंती उभ्या राहतील आणि छप्पर राहून जाईल. विम्याचे पैसे म्हणजे काही विहीर नाही. हिंदी तू केलेस, तर मूळ मसुद्यात काय होते ते तुला ठाऊक असणार. एवढे बघ आणि लवकर कळव. माझ्याजवळ दुसरे कोणी नाही रे.

तुझ्या पत्राची वाट बघणारी,
शशी


॥ श्री ॥
लष्कर, ग्वाल्हेर
११ मार्च १९५६

चि. शशीस,
अ. उ. आ.

पत्राला फार दिवस लागले, रागावू नकोस. मध्यंतरी मला पडसे झाले, मग खात्यात तपासणी निघाली. सगळीकडे एकच बोलणे, की हे राज्य जाऊन मोठे राज्य होणार. कारकुनांच्या ज्येष्ठतेच्या याद्या नव्याने तयार होत आहेत. कोणाच्या कागदावर काही शेरा लागला तर तो पन्नास जणांच्या खाली जाईल, म्हणून जो तो जपून आहे. आंब्यांना इकडे यंदा मोहोर बरा आहे.

तुझ्या आकाराचे पाहिले. जे छापले आहे तेच खरे धरावे लागते. मागच्या पत्रात मी घाईत मजला असे लिहिले असेन. ते पत्र कृपा करून कोणाला दाखवू नकोस. खासगी पत्राला कचेरीत किंमत नसते, उलट माणूस अडचणीत येतो.

मला विचारशील तर दोघींना नऊ खण कशाला हवेत? ओसरी नसली तर काय अडते? कोठीही सोड, डबे स्वयंपाकघरात फळीवर राहतील. सहा खणांचा नक्शा दे. वर्षा-दोन वर्षांनी वाढवता येईल. घर लहान असले की झाडायलाही कमी लागते, हे तुझी वहिनी रोज सांगते.

पद्मजाला आशीर्वाद. आहे तो लोभ वाढावा, कमी होऊ नये, एवढेच मागणे.

तुझा,
दादा


॥ श्री ॥
रामबाग, इंदूर
२२ एप्रिल १९५६

ती. मामास,
पद्मजाचा सा. न. वि. वि.

मामा, माझी परीक्षा संपली. भूमितीचा पेपर उत्तम गेला, कारण सध्या मी दुसरे काही करतच नाही. नक्शानवीस प्रत्येक नक्शाचे वेगळे पैसे घेतो, म्हणून आईच्या घराचा नवा नक्शा मी काढला! नानासाहेब म्हणाले, शाबास, रेघ सरळ आहे. ते कोणालाच शाबास म्हणत नाहीत, हे तुला माहीत नसेल म्हणून सांगते.

तू सांगितल्याप्रमाणे ओसरी आणि कोठी काढली. तीन खण गेले. सहा राहिले, त्यात माझी खोली दोन खणांचीच ठेवली होती, पण कोठीतले डबे आल्यावर स्वयंपाकघर फार अरुंद झाले असते, म्हणून माझ्यातला अर्धा खण मी स्वतःच आईला देऊन टाकला. मागच्या रविवारी आम्ही दोघी प्लॉटवर गेलो होतो. मी चुन्याने जमिनीवर सगळ्या खोल्या आखल्या आणि माझ्या खोलीत उताणी निजून पाहिले. पाय बाहेर येत नाहीत. आई हसली, बऱ्याच दिवसांनी.

नक्शा बदलला की परवान्याची फी पुन्हा भरावी लागते आणि रांगेत नंबरही पुन्हा शेवटून लागतो. आई म्हणते की नियम करणाऱ्यांनी एकदा तरी रांगेत उभे राहावे. मी म्हटले, आमचा मामाच नियम लिहितो, त्याला काही म्हणायचे नाही. वर्गातल्या मुलींना मी राजपत्र दाखवले. अवघड अवघड हिंदी शब्द पाहून त्या म्हणाल्या, बाप रे, तेरे मामा तो बड़े आदमी हैं! मॅट्रिक झाले की मलाही तुझ्यासारखी कचेरीत नोकरी करायची आहे. मुलींना घेतात ना रे?

मामींना नमस्कार. तुझी माया माझ्यावर सगळ्यात जास्त आहे हे मला ठाऊक आहे, तशीच राहू दे.

तुझी लाडकी भाची,
पद्मजा


॥ श्री ॥
रामबाग, इंदूर
१० जून १९५६

ती. स्व. दादास,
शशीचा कृ. सा. न. वि. वि.

सहा खणांचेही जमले नाही. साडेसातशे भरून उरलेल्यात काम छपरापर्यंत पोचत नाही, असे मिस्त्रीने हिशेब करून दाखवले. उन्हाळ्यात विटांचा भाव चढला. आता चार खणांचा नक्शा दिला आहे. तिसरी वेळ, तिसरी फी, पुन्हा रांग. पद्मजाची खोली गेली. तिने ती स्वतः रबराने खोडली आणि वर म्हणाली की मला तुझ्याजवळ बसूनच अभ्यास सुचतो. पोरगी खोटे बोलायला शिकली आणि तेही माझ्यासाठी.

दादा, एक वाट दिसते आहे म्हणून घाईने लिहिते. परवा नानासाहेब आपण होऊन शाळेत आले. त्यांनाही चैन नाही. म्हणाले, समोरच्या ओळीत तीन मजल्यांना पावणेचारशे आणि तुमच्या चार खणांना पाचशे, हे काही तरी उलटे होते आहे. नियमाची मखलाशी मी माझ्या मनाने करणार नाही, पण सचिवालयातून कोणी जबाबदार माणसाने दोन ओळी लिहून दिल्या, की मूळ मसुद्यात मजला होता, तर त्याच दिवशी मी माझा आकडा खोडीन आणि वर रिपोर्ट करीन.

दोनच ओळी. तुझ्या हातच्या, तुझ्या सहीच्या. मूळ मसुदा तू पाहिला आहेस. चुकून तू मजला लिहिलेस असे तू म्हणतोस, पण त्या पत्रात इंजिनिअरांनी कसा विचार केला, पाणी कसे, सांडपाणी कसे, हे सारे तू इतके नीट सांगितले होतेस की ती चूक असेल असे मला वाटत नाही. ते पत्र तू सांगितलेस म्हणून मी कोणाला दाखवले नाही. दाखवले असते तर कदाचित काम झाले असते, पण तुझ्या शब्दाबाहेर मी गेले नाही.

पाऊस दारात आहे. एकदा लागला की पाया खणता येत नाही. सप्टेंबर म्हणजे उद्याच की. मी तुझ्याकडे आजवर काही मागितले नाही, हे गेले तेव्हाही नाही.

तुझ्या दोन ओळींची आस धरून बसलेली,
शशी


॥ श्री ॥
लष्कर, ग्वाल्हेर
२७ जून १९५६

चि. शशीस,
अ. उ. आ.

तुझे पत्र वाचले आणि दिवसभर जेवणावर वासना झाली नाही. पण तुला वाटते तेवढे ते सोपे नाही. कारकुनाने परस्पर असे लिहून देणे म्हणजे शिस्तीचा भंग होतो. रीतसर जायचे तर हेडक्लार्क, मग साहेब, मग मंत्री. उन्हाळ्यात राजधानी तिकडे, म्हणून मंत्रीसाहेब इंदूरला आहेत, फाइल त्यांच्यामागे गेली आहे. ती थंडीत इकडे येईल तेव्हा मी अवश्य बघेन. नानासाहेबांनाही माझे नाव सांगू नकोस.

तूर्त माझे ऐक. दोन खण घाल. नियमात छप्पर म्हटले आहे, केवढे ते म्हटलेले नाही. दोन खणांवर कवेलू चढले की जमीन तुझी झाली, मग पुढे बघता येईल. अडीचशे भरून मोकळी हो. आजच पन्नास रुपयांची मनिऑर्डर केली आहे, नाही म्हणू नकोस.

मला इकडे काय सोसावे लागते ते पत्रात लिहिता येत नाही. यादी अजून लागलेली नाही. माझी नोकरी पंचवीस वर्षांची आहे, शशी.

भावावरची माया या एका गोष्टीवरून मोजू नये.

तुझा,
दादा


॥ श्री ॥
रामबाग, इंदूर
३ ऑक्टोबर १९५६

ती. स्व. दादास,
शशीचा नमस्कार.

दोन खणांचा नक्शा ११ सप्टेंबरला पास झाला. अडीचशे भरले. पाया खणला त्याच संध्याकाळी पावसाने तो भरला. मिस्त्री आणि मी दोन दिवस पाणी उपसत होतो, शाळेतून रजा घेतली होती. भिंत माझ्या कमरेपर्यंत आली आणि ३० तारीख उजाडली.

१ तारखेला नानासाहेब आले. पाऊस थांबलेला होता. बराच वेळ त्यांनी कागद काढलाच नाही. मग छप्पर नाही, असे लिहिले आणि मला दाखवून सही केली. जमीन मंडळाने परत घेतली. भरलेला आकार परत मिळत नाही, तसा नियम आहे. चार नक्शांची फीही तशीच गेली. विटा उचलून न्यायला आठ दिवस दिले आहेत, पण त्या न्यायच्या कुठे?

जुन्या इंदुरात एका आळीत मागच्या बाजूची एक खोली भाड्याने मिळाली आहे. दिवाळीपूर्वी तिकडे जाऊ. खिडकी नाही, पण दार उत्तरेकडे आहे. त्या दिवशी पद्मजा एकदा प्लॉटवर जाऊन येते म्हणाली, गेली आणि परत येऊन वह्या बांधायला बसली.

तुझे पन्नास रुपये मी तेव्हाच परत पाठवले होते, पोचले असतील.

मला आता कशाचीच उमेद वाटत नाही. सकाळी उठून शाळेत जाते, एवढेच.

शशी


॥ श्री ॥
लष्कर, ग्वाल्हेर
१७ ऑक्टोबर १९५६

चि. शशीस,
अ. उ. आ.

हे पत्र मी चार वेळा फाडले. आता लिहितो ते सरळ लिहितो.

इंग्रजी मसुद्यात स्टोरी असा शब्द होता, म्हणजे मजला. हिंदीत काय लिहावे म्हणून शेजारच्या टेबलावरच्या मिश्रजींना विचारले. ते भिंडचे. म्हणाले, खन लिखो, हमारे यहाँ दो खन का मकान कहते हैं. इंदुरात आपण मंजिल म्हणतो, मी खन कधी ऐकले नव्हते. पण मला वाटले, हे लोक पाणीचे पानी करतात, तसेच खणचे खन करत असणार. शब्द आपलाच आहे, अर्थ तेवढा तिकडे निराळा असेल. राजपत्रात अशुद्ध कसे छापू द्यायचे? म्हणून मी न खोडून तिथे ण केला. मिश्रजींनी पाहिलेसुद्धा नाही. भिंडच्या तपासणिसाने तो खन वाचला, मजले मोजले. नानासाहेबांनी मराठी डोळ्यांनी खण वाचला, तुळया मोजल्या. त्या माणसाची काही चूक नाही.

तुझे फेब्रुवारीचे पत्र हातात आले त्या सकाळीच मला हे समजले. पडसे वगैरे काही झाले नव्हते. मी भ्यालो. चूक माझी, असे लिहून दिले असते तर माझ्या कागदावर शेरा आला असता आणि यादीत मी खाली गेलो असतो, कदाचित नव्या राज्यात घेतलाही गेलो नसतो. दर वेळी वाटे, यादी लागू दे, मग लिहू. तोवर तू थोडे कमी खण केलेस तर निभेल. असे करत करत मी तुला दोन खणांवर आणले.

सप्टेंबरच्या शेवटी यादी लागली. माझे नाव वर आहे. १ नोव्हेंबरपासून भोपाळला हजर व्हायचे आहे. यादी लागल्यावर मी चुकीची टिप्पणी साहेबांसमोर ठेवली. साहेब हसले, इतनी सी बात, म्हणाले. शुद्धिपत्र आठ दिवसांत निघाले. एक ओळ आहे: खण के स्थान पर मंजिल पढ़ा जाए. तुझे पत्र आले त्याच दिवशी ते छापून हातात पडले. ते मागच्या प्रकरणांना लागू नाही.

तू काहीही बोललीस तरी मला ऐकायचे आहे. फक्त बोलणे बंद करू नकोस. भाऊबीजेला येऊ का, हे विचारायचे धाडस होत नाही, तरी विचारतो.

मी मागू नये, तरी तुझा थोडा लोभ मागतो.

तुझा,
दादा


॥ श्री ॥
जुनी इंदूर
२५ ऑक्टोबर १९५६

दादास,

पत्र पोचले. आम्ही नव्या जागी आलो आहोत, वर पत्ता दिला आहे.

आपला प्लॉट मंडळाने यादीतल्या पुढच्या माणसाला दिला. त्याने दोन मजल्यांचा नक्शा टाकला आणि शुद्धिपत्राप्रमाणे दोन आकार भरले, अडीचशे. मी दोन खणांचे भरले तेवढेच. हे सांगायला नानासाहेब इथवर चालत आले होते. उंबऱ्यात उभे राहून माझी क्षमा मागितली. ज्याची काहीच चूक नव्हती त्याने चप्पल काढून मागितली आणि मला त्यांच्यापुढे रडू आवरले नाही.

तुझ्या ण चे मी काही मनात ठेवलेले नाही. खरे सांगायचे तर वाचताना मला हसू आले, कारण तो सगळा तूच होतास. लेखणी कोणाचीही चुकते, मी मुलांच्या वह्यांत रोज पाहते. त्या दिवशी तू चुकलास आणि शुद्ध लिहायच्या हौसेने चुकलास. तेवढेच असते तर मी घर नाही म्हणून रडले असते आणि भाऊ आहे म्हणून सावरले असते.

पण मार्चमध्ये तू लिहिलेस, ओसरी काढ, कोठी काढ. तेव्हा तुला ठाऊक होते. झाडायला कमी लागते असा विनोदही केलास, आणि मी तो पद्मजाला वाचून दाखवला. जूनमध्ये मी तुझ्या दोन ओळी मागितल्या. तेव्हाही तुला ठाऊक होते आणि तू मला फाइलीचा उन्हाळा-हिवाळा सांगत बसलास. माझे घर नियमाने लहान केले नाही, दादा. तू केलेस, एकेका पत्राने. मी दर वेळी तुझे ऐकले, कारण तू सांगत होतास. परका असता तर मी भांडले असते, मंडळात जाऊन ओरडले असते, ते पत्र सगळ्यांना दाखवले असते. तू होतास म्हणून मी गप्प राहिले.

आठ दिवस. तुला आठ दिवसांचेच काम होते. हे मला रोज उठल्याबरोबर आठवते.

भोपाळला जा. नोकरी नीट कर. वहिनींना यातले काही माहीत नसेल, तर मी सांगणार नाही.

पद्मजालाही मी काही सांगितलेले नाही आणि तूही सांगू नकोस. तिला अजून वाटते की मामाने पुष्कळ खटपट केली, पण सरकारपुढे त्याचे चालले नाही. शुद्धिपत्र निघाले हे कळल्यावर ती म्हणाली, पाहिलेस, शेवटी मामानेच काढायला लावले. तिचा बाप गेला, घर झाले नाही, आता तेवढे एक माणूस मी तिच्या हातून काढून घेणार नाही.

तेव्हा भाऊबीजेला ये. ती तुझी वाट बघते आहे. मी पाट मांडीन, ओवाळीन, जेवायला वाढीन, भोपाळची हवा कशी तेही विचारीन. तिच्यासमोर मी तुझ्याशी पूर्वीसारखीच बोलेन. ती पाणी आणायला बाहेर गेली की माझ्याशी काही बोलू नकोस.

शशिकला